‘समाजकल्याणा’च्या पडद्याआड
‘गनस्लिंगर गर्ल’ ह्या जपानी चित्रमालिकेविषयी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. युवक मंडळाची सभा आटोपली, मुले पांगली. परंतु अकरावीत शिकणारी एक मुलगी आमच्या कार्यालयाच्या दाराशी घुटमळत उभी राहिली. काय हवे म्हणून विचारले, तेव्हा तिने चाचरत एक प्रश्न केला. “फादर, एखाद्या मुलीला औषधं देऊन कुणावर तरी प्रेम करायला लावलं, तर ते प्रेम खरं की खोटं?”

आम्ही दचकलो. वस्तीतीलच काही भानगड तर नव्हे ना, ही शंका आमच्या मनाला शिवून गेली. चौकशी करता उलगडा झाला की, प्रश्न एका जपानी चित्रमालिकेतील मुलीविषयी होता. आम्हांस हायसे वाटले आणि आम्ही तत्परतेने उत्तर दिले. प्रेम ही इच्छास्वातंत्र्याची कृती आहे. जेथे नाकारण्याची मुभा नाही तेथे स्वीकारण्याला अर्थ नाही. सबब सक्तीने उत्पन्न केलेली भावना प्रेम नव्हे. सेमिनरीतल्या परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असे ते उत्तर होते. मुलीने मान डोलावली. पण जाता जाता ती हळूच म्हणाली, “मग त्या मुलीकडे स्वतःचं काहीच नव्हतं, असं म्हणायचं का?”

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. ती मालिका पाहिल्यावाचून ते देणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही, असे वाटून आम्ही तिचे तेराही भाग पाहिले, आणि काही भाग पुन्हा पाहिले. प्रस्तुत लेख हे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

चलच्चित्रे म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा आपल्या घरांतून सार्वत्रिक समज आहे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीने आपल्या मुलांना खिळवून ठेवले, तो मोगलीही जपानी चित्रकारांच्या हातून उतरला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जपानमध्ये ह्या माध्यमाला ‘ॲनिमे’ म्हणतात आणि तेथे ते कादंबरीप्रमाणे सर्व वयांसाठी, सर्व विषयांवर हाताळले जाते. कोवळ्या वयाच्या मुली गुप्तहेर किंवा गुप्त सैनिक होतात, हा तर त्यातील एक रुळलेला विषय आहे. १९८५ सालच्या ‘डर्टी पेअर’मध्ये दोन तरुणी अंतराळात गुन्ह्यांचा माग काढत धुमाकूळ घालतात. २०१७ सालच्या ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’मध्ये भिंतीने दुभंगलेल्या एका काल्पनिक लंडनमध्ये शाळकरी मुली हेरगिरी करतात. २०२२ सालच्या ‘लायकोरिस रिकॉइल’मध्ये अनाथ मुलींना लहानपणापासून शस्त्रविद्या शिकवून शाळेच्या गणवेशात रस्त्यावर सोडले जाते; कारण शाळकरी मुलीचा संशय कुणाला येणार? बहुतेकदा ह्या विषयाकडे साहसकथा म्हणूनच पाहिले जाते. ‘गनस्लिंगर गर्ल’ मात्र थबकून एक साधा प्रश्न विचारते. ह्या मुली येथवर आल्या कशा? त्यांना कुणी आणले, आणि काय सांगून आणले?

यू आइदा ह्या चित्रकाराने २००२ ते २०१२ ह्या काळात ही चित्रकथा एका जपानी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. तिचे पंधरा खंड झाले. त्यावरून मोरिओ आसाका ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘मॅडहाऊस’ ह्या चित्रसंस्थेने तेरा भागांची मालिका तयार केली. ती ऑक्टोबर २००३ ते फेब्रुवारी २००४ ह्या काळात जपानी दूरचित्रवाणीवरून दाखविली गेली. २००८ साली दुसरी मालिका निघाली. परंतु तिची चित्रशैली वेगळी आहे आणि आमच्या मते पहिलीची खोली तिला नाही. येथील विवेचन पहिल्या मालिकेपुरतेच आहे.

कथा इटलीत घडते. तेथे ‘समाजकल्याण संस्था’ नावाचे एक सरकारी खाते आहे. अपंग, अपघातग्रस्त आणि अत्याचारपीडित मुलांचे पुनर्वसन करणारी संस्था अशी तिची जगात ख्याती. आतला व्यवहार निराळा. इस्पितळांतून मरणाच्या दारी असलेल्या, किंवा आईबापांनी टाकलेल्या मुली निवडल्या जातात. त्यांच्या शरीरांत कृत्रिम हाडे व स्नायू बसविले जातात. जुन्या आठवणी पुसल्या जातात, नवी नावे दिली जातात. मग औषधे व मानसिक संस्कार ह्यांच्या साहाय्याने, ज्याला तेथे ‘कंडिशनिंग’ म्हणतात त्या प्रक्रियेने, त्यांच्या मनात एका अधिकाऱ्याविषयी अढळ निष्ठा रुजविली जाते. त्या अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून सरकारच्या शत्रूंना ठार करणे हे त्या मुलींचे काम. प्रत्येक मुलीला एक अधिकारी, आणि ह्या जोडीला संस्थेत ‘फ्रातेल्लो’ म्हणतात. इटालियन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’.

समाज, कल्याण आणि बंधू. हे तीन शब्द आपण किती आदराने उच्चारतो! मालिकेचा सारा उपरोध ह्या तीन शब्दांत साठविलेला आहे, आणि तो लेखकाने एकदाही मोठ्याने बोलून दाखविलेला नाही.

इटलीची निवड केवळ सुंदर देखाव्यांसाठी झाली असावी असे आम्हांस वाटत नाही. त्या देशाने राजकीय हिंसेचे दीर्घ पर्व अनुभवले आहे. १९७८ साली माजी पंतप्रधान आल्दो मोरो ह्यांचे अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. १९८० च्या ऑगस्टमध्ये बोलोन्याच्या रेल्वे स्थानकावरील स्फोटात ८५ माणसे मृत्युमुखी पडली. मालिकेतील दहशतवादी आणि त्यांना मिळालेले गुन्हेगार ह्यांच्यामागे त्या काळाची सावली आहे. भेदरलेले राज्य काय काय करू धजेल, असा प्रश्न तेथे काल्पनिक राहत नाही. पण त्याच देशाने दुसरे उत्तरही दिले होते, हे विसरता कामा नये. जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो ह्या न्यायाधीशांनी माफियाशी झुंज दिली ती साक्षीपुरावे आणि उघडे न्यायालय ह्यांच्या बळावर. १९९२ साली त्या दोघांना बॉम्बस्फोटांत प्राण गमवावे लागले; तरी त्यांनी आपल्या लढ्यासाठी दुसऱ्या कुणाचे बालपण खर्ची घातले नाही. मालिकेतील संस्था नेमके ह्याच्या उलट करते. धोका मोठ्यांचा, आणि किंमत मुलींनी मोजायची.

आता त्या मुलींकडे वळू. रिको जन्मापासून पांगळी. इस्पितळाच्या खाटेपलीकडचे जग तिने पाहिलेले नाही. खाटेपाशी आईबापांची भांडणे तिच्या कानी पडत, आणि एके दिवशी त्यांनी तिला संस्थेच्या हवाली केले. आता तिचे हातपाय चालतात. रोज सकाळी जाग आली की, हे शरीर अजून आपलेच आहे ना, ह्याची ती खात्री करून घेते आणि आनंदून जाते. ह्या आनंदाला खोटे कसे म्हणावे? जो कधी चालला नाही त्यालाच चालण्याचे मोल कळते. मालिका आपल्याला ह्या पेचात पकडते. संस्थेने रिकोला जे दिले ते खरेच दिले आहे. आणि ज्यासाठी दिले ते भयंकर आहे.

तिसऱ्या भागात रिको एका हॉटेलवर पाळत ठेवीत असते. तेथे काम करणारा एमिलिओ नावाचा पोरगा तिच्याशी ओळख काढतो. तिच्या खांद्यावरील वाद्याची पेटी पाहून तो उत्सुकतेने चौकशी करतो. दोन लहान मुलांचे असते तसे त्यांचे बोलणे. पुढे ठरल्याप्रमाणे हॉटेलात हत्या होते, आणि परतीच्या वाटेवर मार्गिकेत नेमका तोच मुलगा तिला सामोरा येतो. पाहणारा कुणी मागे राहता कामा नये, अशी तिला आज्ञा असते. अशा वेळी काय म्हणायचे असते, हे रिको क्षणभर आठवून पाहते. मग हसऱ्या चेहऱ्याने त्याची क्षमा मागते आणि गोळी झाडते.

तेरा भागांत ह्याहून हृदय पिळवटणारे दृश्य आम्हांस आढळले नाही. रक्तपात त्यात जवळजवळ नाहीच. जे आहे ते एका शब्दाचे मरण आहे. क्षमा हा शब्द रिकोला शिकविला गेला आहे, पण त्या शब्दाच्या पोटात जे असते ते काढून घेतले गेले आहे. आपणही मुलांना ‘सॉरी म्हण’ म्हणून दटावतो, आणि शब्द उमटला की आपले समाधान होते. सदाचाराचे शब्द शिकविणे सोपे. त्या शब्दांमागचे मन घडविणे हेच खरे शिक्षण, आणि ते मुलाच्या संमतीवाचून घडत नाही.

रिकोचा अधिकारी जाँ कठोर आहे. तो तिला हत्यार म्हणून वागवितो, प्रसंगी हातही उगारतो. त्याचा धाकटा भाऊ जोझे मात्र हळव्या मनाचा. सर्व कुटुंबाची हत्या झालेल्या आणि स्वतः अमानुष अत्याचार सोसलेल्या एका मुलीला त्याने इस्पितळातून निवडले; तीच हेन्रिएत्ता. तिच्यावरील कंडिशनिंगची मात्रा कमीत कमी ठेवावी, असा त्याचा आग्रह. तो तिला चांगले कपडे आणतो, व्हायोलिन शिकवितो, रात्री आकाशातील मृगनक्षत्र दाखवितो. फ्लॉरेन्सच्या कामगिरीवर असताना उफ्फिझी कलादालनातील चित्रेही दाखवितो. पाहणाऱ्याची सहानुभूती साहजिकच जोझेकडे झुकते. जाँ वाईट, जोझे चांगला, अशी वाटणी आम्हीही पहिल्या दोन भागांत करून टाकली होती.

परंतु जसजशी मालिका पुढे सरकते तसतशी ही वाटणी ढासळते. जोझे हेन्रिएत्तेला व्हायोलिन देतो, आणि व्हायोलिनच्या पेटीतून ती बंदूक वाहून नेते. तो तिला तारे दाखवितो, आणि दुसऱ्या दिवशी माणसे मारायला पाठवितो. पहिल्याच भागात एक गुंड जोझेशी दांडगाई करतो, तेव्हा हेन्रिएत्तेचा तोल सुटतो आणि ती तेथील सर्वांना ठार करते. त्या कत्तलीला जोझेचा चांगुलपणाही कारण आहे, कारण त्या चांगुलपणानेच तिची निष्ठा इतकी तीव्र केली आहे. जाँ निदान स्वतःला फसवीत नाही. आपण एका मुलीचा वापर करीत आहोत, हे त्याला ठाऊक आहे आणि तो ते लपवीत नाही. जोझेला मात्र वापरही हवा आहे आणि वापरणाऱ्याची बोचणीही नको आहे. त्याची प्रत्येक भेटवस्तू हेन्रिएत्तेसाठी असते, तितकीच स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला झोपविण्यासाठी असते. दया जेव्हा न्यायाची जागा घेऊ पाहते तेव्हा ती अन्यायाची साथीदार बनते. ‘गनस्लिंगर गर्ल’चा खरा विषय बंदूक नसून ही सोयीची दया आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

व्हायोलिनच्या त्या पेटीपाशी आम्हांस इटलीच्या इतिहासातील एका वास्तूची आठवण झाली. व्हेनिस शहरात ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ नावाचा अनाथाश्रम होता. टाकून दिलेल्या मुलींना तेथे आसरा मिळे आणि त्यांतील गुणी मुलींना संगीत शिकविले जाई. १७०३ साली अंतोनिओ विवाल्दी हा तरुण धर्मगुरू तेथे व्हायोलिनचा शिक्षक म्हणून रुजू झाला. आज जगभर वाजविल्या जाणाऱ्या त्याच्या कितीतरी रचना त्या अनाथ मुलींसाठी लिहिल्या गेल्या. जाळीआड बसून वाजविणाऱ्या त्या मुलींचे वादन ऐकण्यासाठी दूरदेशींचे प्रवासी येत. फ्लॉरेन्समध्येही, जोझे हेन्रिएत्तेला जेथे चित्रे दाखवितो तेथून थोड्या अंतरावर, ब्रुनेल्लेस्कीने रचना केलेला ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’ हा बालकाश्रम आहे. १४४५ साली त्याची दारे टाकलेल्या अर्भकांसाठी उघडली. त्याच्या दर्शनी भागावर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडविलेली, लंगोट्यांत गुंडाळलेली बालके अजूनही हात पसरून उभी आहेत.

त्या आश्रमांत सारे काही आलबेल होते असा आमचा दावा नाही. बालमृत्यू विपुल होते, आणि जाळीआडचे आयुष्य हे जाळीआडचेच आयुष्य असते. पण एक भेद उरतोच. तेथे निराधार मुलीच्या हातात व्हायोलिन दिले, तर पेटीत व्हायोलिनच असे. मालिकेने ह्या आश्रमांचा उल्लेख केलेला नाही. तिच्या कर्त्यांच्या मनात ते होते की नव्हते, हा प्रश्नही गौण आहे. परंतु ज्या भूमीने अनाथांच्या शुश्रूषेला दगडी कमानी उभारल्या, त्याच भूमीवर शुश्रूषेच्या नावाने ही संस्था उभी करावी, ह्यातील दाहकता इटलीचा इतिहास जाणणाऱ्याला अधिक झोंबते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ह्या मुलींकडे स्वतःचे काही उरले होते का?

पाचव्या भागात क्लाएस नावाच्या मुलीची कथा येते. तिचा अधिकारी राबाल्लो हा पूर्वी काराबिन्येरी ह्या इटालियन पोलीसदलात होता. माणूस रुक्ष, शिस्तीचा. पण दोघे तळ्याकाठी गळ टाकून बसू लागतात, त्याची पुस्तके ती वाचू लागते, आणि हळूहळू त्या रुक्ष माणसाच्या आत बाप जागा होतो. तो तिला एक चष्मा देतो. डोळ्यांचा दोष म्हणून नव्हे, तर खूण म्हणून. चष्मा घातला असेल तेव्हा तू शांत, मायाळू क्लाएस राहा, असे वचन तो तिच्याकडून घेतो. पुढे तो संस्थेचे गुपित वृत्तपत्राला सांगण्याची धडपड करतो आणि रस्त्यावरील अपघातात मरण पावतो. तो अपघात होता की आणखी काही, हे मालिका आपल्या तर्कावर सोडते. क्लाएसच्या स्मृतीतून राबाल्लो पुसला जातो. त्यानंतर तिच्याकडे कामगिरी नाही, कुणी ‘बंधू’ नाही. ती प्रयोगांपुरती ठेवलेली. पण ती चष्मा काढीत नाही. बागेत वाफे करते, पुस्तके वाचते, पियानो वाजविते. वचन कुणाला दिले हे ती विसरली. वचन विसरली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयी जे विवेचन केले, त्यात सदसद्विवेकबुद्धी हा मानवाचा अंतरतम गाभारा मानला आहे, जेथे तो देवासमवेत एकटा असतो. हा विचार आम्ही सेमिनरीत शिकलो, पुढे कित्येकदा शिकविलाही. पण क्लाएसचा तो चष्मा पाहिला तेव्हा तो जणू प्रथमच डोळ्यांसमोर उभा राहिला. संस्थेची औषधे स्मृतीपर्यंत पोहोचली, निष्ठेपर्यंत पोहोचली, त्या गाभाऱ्यापर्यंत मात्र पोहोचू शकली नाहीत. मालिका धार्मिक नाही. तिच्यात आत्मा, देव असे शब्द आम्हांस ऐकू आले नाहीत. तरीही तिने जे दाखविले ते ह्या श्रद्धेच्या फार जवळ जाते.

ह्याची दुसरी, काळोखी बाजू एल्साच्या कथेत दिसते. ही कथा नवव्या भागात सुरू होऊन अकराव्यात उलगडते. नवव्या भागाच्या नावात ‘लिकोरिस रादियाता’ ह्या लालभडक फुलाचा उल्लेख आहे; जपानात त्या फुलाचे नाते मृत्यूशी जोडतात. एल्सा आणि तिचा अधिकारी लाउरो एका बागेत मृतावस्थेत सापडतात. शत्रूने मारले असावे असा प्रथम तर्क होतो. शोध घेता घेता जे बाहेर येते ते निराळेच. एल्सेची लाउरोवर पराकाष्ठेची भक्ती होती, आणि लाउरोला तिची दखलही नव्हती. तिने त्याला मारले आणि मग स्वतःचा अंत करून घेतला. सिसिलीतील सुट्टीच्या घरी हे कोडे हेन्रिएत्ता जोझेला उलगडून दाखविते. एल्साच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे ती त्याच्यावर पिस्तूल रोखून शांतपणे सांगते. जोझे गोठून जातो. ज्या प्रेमाची सवय त्याने स्वतः लावली, ते प्रेम प्रतिसाद मागते आहे, हे त्याला त्या क्षणी कळते. आणि प्रतिसाद देण्याची त्याची तयारी नाही, कधीच नव्हती. संस्था मात्र सत्य दडपून टाकते आणि कारभार पूर्ववत सुरू राहतो.

शेवटी आंजेलिका. विम्याच्या पैशासाठी प्रत्यक्ष आईबापांनी हिला गाडीखाली घातले होते. संस्थेतील ही पहिली मुलगी. सुरुवातीच्या दिवसांत तिला रिझविण्यासाठी तिचा अधिकारी मार्को आणि इतरांनी मिळून ‘पास्ताच्या राज्याचा राजपुत्र’ ही गोष्ट रचली. रोज एकेक कडी जोडावी, मुलीने हसावे. पण औषधे साचत जातात, तिची स्मृती झिजते, आणि एके दिवशी ती गोष्टच विसरते. मार्कोला ते सोसवत नाही. तो तिच्यापासून मनाने दूर होतो. आपण दिलेले विसरले जाते म्हणून देणेच थांबविणारी माणसे आपल्या आसपास कमी नाहीत. तेराव्या भागात आंजेलिका अंथरुणाला खिळलेली असते. मार्को तिच्या उशाशी येऊन बसतो आणि ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो. त्याच रात्री बाहेर इतर मुली उल्कावर्षाव पाहायला जमतात आणि बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान गाऊ लागतात. शिलरच्या ज्या कवितेवर ते गान बेतले आहे तिचा विषय आहे विश्वबंधुत्व. ‘फ्रातेल्लो’ हा शब्द संस्थेने बाटविला होता. मुलींच्या गळ्यातून तो शुद्ध होऊन परत येतो.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की, ह्या मुलींचे दुःख मालिकेने फार सुंदर करून दाखविले आहे. मंद प्रकाश, हळुवार संगीत, निष्पाप चेहरे. पाहता पाहता आपल्याला त्या दुःखाचीच गोडी लागते. ज्या सोयीच्या दयेवर मालिका बोट ठेवते, तीच दया ती प्रेक्षकालाही देऊ करते. आपण दोन अश्रू ढाळतो आणि आपण चांगले आहोत असे मानून पडदा बंद करतो. दुसरा दोष, ह्या मुलींना राग येत नाही. त्यांच्याकडून तो काढून घेतला आहे हे मान्य. पण त्यांच्या वतीने रागावणारे पात्रही जवळजवळ नाही. राबाल्लोने एकदा आवाज उठविला आणि तो संपला. तिसरा दोष, मारल्या जाणाऱ्या माणसांना बहुधा चेहरा नाही. एमिलिओचे मरण आपल्याला जाळते, कारण त्याला नाव आहे. बाकीचे गोळीसरशी कोसळतात आणि विसरले जातात. जी मालिका मनुष्याला साधन बनविण्याचा धिक्कार करते, तिने ह्या माणसांना नुसते साधन बनवावे, हे खटकते.

पालकांसाठी एक सूचना. चित्रे पाहून ही मालिका लहानांच्या हाती देऊ नये. तीत हिंसा आहे, आणि मुलींवरील अत्याचारांचे उल्लेख आहेत. थोरली मुले ती आपल्या मोबाइलवर एकटीच पाहत असतील, तर दटावण्यापेक्षा शेजारी बसून पाहावी. मुलांच्या मनात कोणते प्रश्न उठत आहेत हे तरी आपल्याला कळेल.

बालकांना युद्धास जुंपण्याची गोष्ट केवळ चित्रांतली नाही. २००० साली संयुक्त राष्ट्रांना बालहक्क कराराला खास पूरक मसुदा जोडावा लागला, तो अठरा वर्षांखालील मुले प्रत्यक्ष लढाईत उतरविली जाऊ नयेत म्हणून. आणि जेथे बंदूक नाही तेथेही लहान प्रमाणावरची ‘कंडिशनिंग’ चालतेच. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य आपल्या किती घरांतून ऐकू येते! मुलाने अमुक शाखा घ्यावी, मुलीने तमुक स्थळ स्वीकारावे, म्हणून मायेचा हिशेब पुढे ठेवला जातो. आम्ही धर्मगुरूही त्यातून सुटलेलो नाही. एखाद्या अनाथ पोरावर उपकार केला आणि पुढे त्याने आपला शब्द मोडला, तेव्हा आम्हांस वाटलेले दुःख निखळ दुःख होते की मालकाचा रोष, हे आम्ही आज खात्रीने सांगू शकत नाही. जोझेला दोष देणे सोपे आहे. त्याच्यात स्वतःला पाहणे कठीण.

मागील महिन्यात ती मुलगी पुन्हा भेटली. आमचे पहिले उत्तर अपुरे होते, हे आम्ही तिच्यापाशी कबूल केले. हेन्रिएत्तेचे प्रेम खोटे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. औषधाने त्या प्रेमाची दिशा ठरविली असेल. पण ज्या हृदयातून ते आले ते हृदय संस्थेने बनविलेले नव्हते. दिवा कुणीतरी बळजबरीने दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला, म्हणून ज्योत खोटी ठरत नाही. खोटा असेल तर तो त्या प्रकाशावर मालकी सांगणारा. तिच्याकडे काय होते, असे तू विचारलेस. तिच्याकडे जे होते तेच एक त्या साऱ्या संस्थेत खरे होते.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग फादर, जोझेनं काय करायला हवं होतं?”

आम्ही म्हणालो, “व्हायोलिन द्यायच्या आधी तिच्या हातातली बंदूक काढून घ्यायला हवी होती.”